पडद्यावर दिसतंय तेवढंच

शुक्रवारी नवा सिनेमा लागला की सकाळी टॉकीजची रिक्षा बीदरजवळच्या आमच्या भालकीभर फिरायची. दोन्ही बाजूंना पोस्टर बांधलेलं, वर भोंगा, आणि आत माईक धरून बसलेला आमचा ऑपरेटर. दुसऱ्या गावांत असला माणूस घसा फाडून सांगतो, की असा सिनेमा झाला नाही आणि होणार नाही. आमचा सांगायचा, "मधल्या सुट्टीपर्यंत बरा हाय. म्होरं दम न्हाई. ज्याला घरी काम हाय त्यानं यिऊ नये."

मालक ऑफिसात बसून हे ऐकायचा आणि कपाळ बडवून घ्यायचा. तीनदा तरी तो म्हणाला, ह्याला काढून टाकतो. काढलं कधीच नाही. कारण वर्षातनं दोनदा-तीनदा हाच माणूस रिक्षातनं नुसतं एवढंच म्हणायचा, "ह्यो बघा." मग खेड्यापाड्यांतनं ट्रॅक्टर भरून माणसं यायची आणि दार ओढून घ्यायला मला चार गडी लागायचे.

मी त्या टॉकीजचा गेटकीपर. सव्वीस वर्षं तिकिटं फाडली. आता तिथं लग्नाचं मंगल कार्यालय झालंय. माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं. घरात बोलायला कोणी नाही, मग मेलेली-जिती सगळी माणसं डोक्यात येऊन बसतात. त्यात हा सगळ्यात आधी येतो. तो मला गेटकीपर म्हणायचा, मी त्याला ऑपरेटर म्हणायचो. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांचं नाव घेतलं नाही, तर आता इथं तरी कशाला घेऊ.

उंच, वाळलेला माणूस. मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांचा उजेड डोळे जाळतो, म्हणून हिरवा चष्मा लावायचा. तो लिंगायत. शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. माईकवर बोलताना उजवा हात शर्टावरनं त्या डबीवर ठेवायचा. मी एकदा विचारलं, असं कामून. तो म्हणला, "ते ऐकत असतंय." एवढंच.

मूळ तेलगू मुलखाला लागून असलेल्या औरादकडचा, म्हणून तेलगू यायची. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि मशीनचं काम हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली शिकला म्हणून तिकडची उर्दू. ह्या चार भाषांचा टॉकीजला फार उपयोग व्हायचा. आमच्याकडं सिनेमाच्या पेट्या हैदराबादहून यायच्या. इंग्रजी सिनेमा असला तर बऱ्याच वेळा त्यात तेलगू आवाज भरलेला असायचा. भालकीत तेलगू कळणारी माणसं हाताच्या बोटावर. मग तो आवाज बारीक करायचा आणि वरच्या केबिनमधनं, एक डोळा मशीनवर ठेवून, माईकवर सगळा सिनेमा सांगायचा. मराठीत सांगायचा, मधी अडलं की कानडी, त्याच्याबी पुढं अडलं की उर्दू. लोकांना त्याची इतकी सवय झाली की हिंदी सिनेमा लागला तरी थर्ड क्लासमधनं हाक यायची, "ऑपरेटर, तुम्ही सांगा की."

त्याचं सांगणं म्हणजे नाटक नव्हतं. हिरो मरू दे नाहीतर हिरॉईन पळून जाऊ दे, आवाज एकच. बाजारातनं आणलेली भाजी सांगावी तसा. "तो म्हणतो, मी तुला सोडणार न्हाई. ती म्हणती, सोड. तो सोडतो." खालनं पोरं ओरडायची, "ती लाजली का वो?" वरनं उत्तर यायचं, "मान खाली घातलीय. लाजली का मान अवघडली ते दिसंना." पडद्यावर जे नाही ते तो सांगायचा नाही. कुणाच्या मनात काय आहे, उद्या काय होणार, ह्याच्या भानगडीत पडायचा नाही. आणि मधली सुट्टी झाली की लोक विचारायचे शेवट काय. तो म्हणायचा, "रीळ पेटीत हाय. पेटीतलं मला दिसत न्हाई."

सगळा वेळ तो रिळांत मोजायचा. उदगीर त्याच्या हिशेबानं चार रिळं लांब. भात शिजायला दीड रीळ. कुणी आजारी पडलं की विचारायचा, "डॉक्टर किती रिळं म्हणतोय?" नवीन माणसाला वाटायचं हा चेष्टा करतोय. चेष्टा त्याला येतच नव्हती.

लग्नाचं त्याच्या एकदा जमत आलं होतं. हुमनाबादकडची पोरगी. वडीलधारा म्हणून मी सोबत गेलो. घर चांगलं, चहा आला, पोहे आले. पोरीच्या बापानं सहज विचारलं, काम कसं काय चाललंय. हा म्हणला, "काम बरं हाय. फक्त माझे डोळे जाणार हायत. कार्बनच्या उजेडात पंधरा-वीस वर्षं काढली की जात्यात. माझ्या उस्तादाचे गेले." पोरगी पोह्यांची दुसरी ताटली घेऊन आली होती ती तशीच आत गेली. बसमधी मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो खिडकीतनं बघत होता. म्हणला, "त्यांनी इचारलं की." त्यानंतर तो कुणाच्या दारात पोरगी बघायला गेला नाही.

मला पण त्यानं एकदा सोडलं नव्हतं. गेटवर एक दारू पिऊन आलेला माणूस बायकांच्या रांगेत घुसायला लागला, मी त्याच्या थोबाडीत दिली. तो गेला पोलिसांत. फौजदार आला आणि त्यानं ऑपरेटरला विचारलं, तुम्ही बघितलं का. मला वाटलं, दोस्त आहे, सांभाळून घेईल. हा शर्टावर हात ठेवून म्हणला, "दोन मारल्या. पहिली बरोबर व्हती. दुसरी तो खाली बसल्यावर मारली." मी दुपारपर्यंत चौकीत बसून होतो. माझी बायको मला सोडवायला आली ती हसत हसतच आली. "बरं झालं," म्हणली, "गावात एक तरी माणूस हाय ज्याला इचारल्यावर कळतंय." त्या दिवसापासनं तिचं पक्कं झालं. अण्णानं सांगितलं म्हणजे तसंच असणार. माझ्या शब्दाला घरात किंमत नव्हती, त्याच्या शब्दाला होती.

ती त्याला अण्णा म्हणायची, तो तिला अक्का. दुपारच्या शोच्या आधी रोज आमच्याकडं जेवायला यायचा. घर टॉकीजच्या मागंच, दोन खोल्यांचं. रोज पहिला घास खाऊन तो सांगायचा, "अक्का, मीठ कमी हाय." ती मिठाचा डबा त्याच्यासमोर आदळायची. "एकदा तरी खोटं बोला की वो. चांगलं झालंय म्हणा."

"मीठ कमी हाय ते कमी हाय."

"तुमचं तोंडच खारट झालंय, खरं बोलून बोलून."

हे असं वर्षानुवर्षं. मला आता वाटतं ती मीठ मुद्दाम कमी घालायची.

आम्हाला एकच पोरगा. आमचा आजा मेंढरं राखत फिरला, बापानं दुसऱ्याचं रान कसलं, मी तिकिटं फाडली. पोरगा मात्र डोक्यानं चांगला निघाला. लातूरला कॉम्प्युटर शिकला आणि पुण्याला एका कॉलेजाच्या ऑफिसात लागला. दिवाळीला आला की आईला सांगायचा, कॉम्प्युटरची खोली सगळी काचेची असते, आत थंडगार, आणि चपला बाहेर काढून जावं लागतं. ती विचारायची, "देवघरावानी?" तो म्हणायचा, "तसंच समज." मग ती गल्लीत सगळ्या बायकांना सांगायची, माझं लेकरू चपला काढून कामाला जातंय.

घरात फोन नव्हता. टॉकीजच्या ऑफिसात होता. एका दिवशी मी गेटवर असताना फोन आला आणि ऑपरेटरनं उचलला. नंतर खाली येऊन माझ्याजवळ उभा राहिला. सिनेमा सांगावा त्याच आवाजात म्हणला, "तुमच्या पोराला पोलिसांनी धरलंय. पुण्यात. कॉलेजाच्या कॉम्प्युटरात चोरून शिरून नापास पोरांचे मार्क वाढवायलता. दुसरे दोघं हायत. ह्यानं कबूल केलंय." मी त्याची गचांडी धरली. तो हललाबी नाही. म्हणला, "जे ऐकलं तेवढंच सांगितलं."

बायकोला काहीतरी सांगून मी पुण्याला गेलो. पोरगा जाळीच्या पल्याड होता. त्यानं मान वर केली नाही. एकच बोलला, "आईला सांगू नका. सुटलो की मीच यिऊन सांगतो." मी त्याला शिव्या दिल्या. एवढ्या लांब जाऊन पोराला शिव्या देऊन आलो, दुसरं काही बोललो नाही. ते आता रोज आठवतं.

परत आलो आणि बायकोला सांगितलं, कॉलेज सोडून तो कंपनीत लागलाय आणि कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलंय. त्या दिवसांत ज्याचं त्याचं पोरगं अमेरिकेला जायलं होतं, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. तिला मात्र एवढंच खुपलं, की जायच्या आधी भेटून गेला नाही. मग मी फोन आणायला लागलो. आठ-पंधरा दिवसांनी घरी येऊन सांगायचो, आज ऑफिसात त्याचा फोन आला, तिकडं बर्फ पडायलाय, तुझी तब्येत कशी म्हणून विचारायलता. मी तोंडाचा फाटका माणूस, गोड बोलणं मला कधी जमलं नाही. पण ह्या खोट्यात मी पटाईत झालो.

ऑपरेटरनं आमच्याकडं जेवायला येणं बंद केलं. मला स्पष्ट सांगितलं, "अक्कानं इचारलं तर मी सांगणार. मला दुसरं येत न्हाई. म्हणून मी येत न्हाई." टॉकीजच्या पायरीवर बसून हॉटेलातली पुरी खायचा. बायको आधी रुसली, मग दोन-तीनदा डबा पाठवला, तो तसाच परत आला. ती मला विचारायची, अण्णाचं काय बिनसलं. मी म्हणायचो, डोकं फिरलंय त्याचं.

आणि मग तो सिनेमा आला.

पोस्टरवर चष्मेवाला तरणा पोरगा, मागं काळ्यावर हिरवी हिरवी अक्षरं, आणि एक कॉम्प्युटर. इंग्रजी सिनेमा, आवाज तेलगू. ऑपरेटरनं रिक्षातनं सांगितलं, "कॉम्प्युटरमधी चोरून शिरणाऱ्या पोराचा पिक्चर हाय. दोन तास एक माणूस बसून बटनं दाबतोय. मारामारी एकच, तीबी अंधारात. न्हाई बघितला तरी चालतंय."

गावानं त्याचं ऐकलं. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर क्लासची दहा-बारा पोरं आणि थर्ड क्लासमधी झोपायला आलेली माणसं. मी गेटच्या पडद्याआडनं पाहिला. खरंच काही नव्हतं त्यात. भीती वाटावी म्हणून धाडधाड बाजा, आणि समोर काय, तर हिरो घामाघूम होऊन कॉम्प्युटरपुढं बसलेला. कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत जायची आणि सगळी माणसं श्वास धरून त्या पट्टीकडं बघायची. आमच्या नळाखालची घागर भरताना ह्याच्यापेक्षा जास्त घोर लागतो. पण सुट्टीच्या पुढं माझ्याच घरातलं निघालं. पोलीस त्या पोराला बेड्या घालून नेतात. मग जेल. जेलमधी काच, काचेच्या ह्या बाजूला म्हातारी आई, त्या बाजूला पोरगा. तो मान वर करत नाही. सिनेमा तिथंच संपतो.

बायकोनं भिंतीवरचं पोस्टर बघितलं. मला म्हणली, "हे कॉम्प्युटर ना? रविवारी मी येणार. माझं लेकरू काय काम करतंय ते बघू तरी द्या." मी म्हणलो, रद्दी सिनेमा आहे, ऑपरेटरच सांगतोय बघू नका म्हणून. ती म्हणली, "मारामारी कोण बघायलंय? मला ती काचेची खोली बघायचीय." दहा वर्षांत तिनं टॉकीजमधी पाऊल टाकलं नव्हतं, गेटकीपरची बायको असून. रविवारी तीनच्या शोला इस्त्रीचं लुगडं नेसून आली आणि बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत बसली. त्या बाजूला तिच्याशिवाय चार बायका असतील नसतील.

सुट्टीपर्यंत ऑपरेटरनं रोजच्यासारखं सांगितलं. पोरगा बसलाय. बटनं दाबायलाय. पट्टी भरायलीय. अजून भरायलीय. लोक हसायचे. सुट्टी झाली तसा मी दोन-दोन पायऱ्या चढून केबिनमधी गेलो. तो पुढचं रीळ चढवत होता.

"ते जेलचं तेवढं सांगू नका," मी म्हणलो.

"मग काय सांगू?"

"कायबी सांगा. मोठी नोकरी लागली म्हणा."

"पडद्यावर बेड्या दिसत्यात, गेटकीपर. अक्काला डोळे हायत."

"तुम्ही सांगता तेच तिला दिसतंय. आजवर तसंच झालंय."

त्यानं रिळाचं टोक मशीनमधी अडकवलं. मी जन्मात कुणाचे पाय धरले नव्हते, त्या तेलकट केबिनमधी त्याचे धरले. तो माझ्या डोक्यावरनं मशीनकडं बघत होता. "बेल वाजवा," म्हणला. "टाइम झाला."

मी खाली येऊन बेल वाजवली. अंधार झाला. मी गेटच्या पडद्यापाशी उभा राहिलो, तिथनं पडदाही दिसायचा आणि बायकोबी दिसायची. थोडा वेळ तो पट्टीचंच सांगत राहिला. मग पोलीस आले. माईक गप्प झाला. नुसती मशीनची घरघर. पोरं खालनं ओरडली, ऑपरेटर झोपला का. तेवढ्यात आवाज आला. तोच सपाट आवाज.

"हे कंपनीचे लोक हायत. पोरगं हुशार हाय म्हणून त्याला मोठ्या कामाला न्यायला आलेत."

"मग हातात काय घातलंय वो?" थर्ड क्लासमधनं.

"घड्याळ हाय. कंपनीनं दिलंय."

"दोन्ही हातांत?"

"दोन्ही हातांत."

सगळी टॉकीज हसायला लागली. पडद्यावर जेलचं दार आलं, गज आले. तो सांगतच होता. हे परदेशातलं ऑफिस. इथं चपला काढून जावं लागतंय. मग ती काच आली. तो म्हणला, "ही कॉम्प्युटरची खोली. धूळ जाऊ न्हाई म्हणून काच लावलीय. आई भेटायला आलीय. पोरगं सुखात हाय. आनंदानं रडायलेत."

पडद्यावर त्या म्हातारीनं काचेवर डोकं टेकलं होतं. ज्यांना तेलगू येत होती ते उठून शिव्या द्यायला लागले. क्लासच्या पोरांनी खुर्च्यांचे काथ्ये उपसून वर फेकले. आमच्या डोळ्यांत धूळ टाकायलास का म्हणून ओरडली. सिनेमा आधीच भिकार, वर ज्याच्या भरवशावर लोक यायचे तो माणूस असं बोलायलेला. चिडू नयेत तर काय करावं. निम्मी टॉकीज शेवटाच्या आधीच माझ्या अंगावरनं बाहेर गेली.

मी बायकोकडं बघितलं. ती आता पडद्याकडं बघत नव्हती. खुर्चीत मागं वळून बसली होती आणि वर केबिनच्या भोकाकडं बघत होती, जिथनं उजेड येतो तिकडं. दिवे लागेपर्यंत तशीच बसली.

ती गेल्यावर मी वर गेलो. ऑपरेटर स्टुलावर बसला होता. शर्टाची बटनं उघडी, गळा मोकळा. डबी रुमालात गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेली. त्या माणसानं अंघोळीला सुद्धा ती कधी काढली नव्हती. मला बघून उठला, माठातल्या पाण्यानं हात धुतले, तोंड धुतलं, डबी काढून दोन्ही डोळ्यांना लावली आणि गळ्यात घातली. "मला काय बोलू नका," म्हणला. मी आभारबी मानले नाहीत.

घरी बायको भाकरी करत होती. मी विचारलं कसा होता सिनेमा. ती म्हणली, "बरा व्हता. लेकरू सुखात हाय." मला सुटल्यासारखं झालं. मग तव्याकडं बघतच म्हणली, "अण्णाला सांगा, उद्यापासनं जेवायला यिऊ द्या. म्हणावं, अक्का काय इचारणार न्हाई."

मी मूर्ख. मला वाटलं रुसवा गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला. ताटावर बसला, पहिला घास खाल्ला. बायको मिठाचा डबा हातात घेऊन उभी राहिली. तो काही बोलला नाही. खाली मान घालून सगळं जेवला. तिनं डबा हळूच फळीवर ठेवला. त्या घरात मिठाचं बोलणं परत झालं नाही.

माईकवर पण तो परत बोलला नाही. मालकानं रिक्षासाठी टेप भरून आणली, असा सिनेमा झाला नाही होणार नाहीवाली. तेलगू पेट्या आल्या की लोक नुसती चित्रं बघायचे. दिवसेंदिवस गर्दी कमी झाली. त्यात घरोघरी टीव्ही आले, केबल आली. टॉकीज बंद पडली तवा त्याचे डोळे निम्मे गेले होते. मंठाळला त्याची बहीण दिली होती, तिच्याकडं गेला. जाताना आमच्या दारात आला, "येतो अक्का," म्हणला. ती म्हणली, "या." दोघांनीबी डोळे पुसले नाहीत, मी बघत होतो.

पोरगा दोन वर्षांनी सुटला. आला नाही. टॉकीजच्या फोनवर एकदा बोलला, आता कुठल्या तोंडानं येऊ. मी म्हणलो, आहे त्या तोंडानं ये. त्यानं फोन ठेवला. मग टॉकीज गेली, फोन गेला. माझी अमेरिका मात्र चालूच होती. आता म्हणायचो, बाजारातल्या दुकानावर फोन आलता. त्याला बढती दिली, नवीन घर घेतलं, पुढल्या दिवाळीला बघतो म्हणलाय. ती काम थांबवून ऐकायची. मधीच विचारायची, आवाज कसा व्हता, सर्दी झाल्यावानी व्हता का. मी सांगायचो. सात वर्षं सांगितलं.

मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीदरच्या दवाखान्यात ठेवली. शेवटच्या दिवसांत दुपारी मी खाटेजवळ बसून सांगायला लागलो, आज फोन आलता, तो विमानाचं तिकीट काढायलाय. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणली, "बास करा आता. दमलात तुम्ही."

"कशाला बास?"

"अमेरिका."

मी विचारलं, कुणी सांगितलं तुला.

"अण्णानं."

"कवा?"

"पिक्चरच्या दिवशी. जन्मात खोटं न बोललेला माणूस भर टॉकीजमधी खोटं बोलायला लागला. लोक शिव्या द्यायलेत तरी बोलायला लागला. कुणासाठी बोलंल तो? मीच तेवढी बसलेली तिथं." थोडा दम खाल्ला. "मग पडद्याकडं बघितलं. बेड्या दिसल्या. काच दिसली. ती बाई आनंदानं रडत नव्हती वो."

"सात वर्षं बोलली कामून न्हाईस मग?"

ती छताकडं बघत होती. "बोलले असते तर तुम्ही फोन आणायचं बंद केलं असतं. तेवढंच तर ऐकायला मिळायचं मला लेकराचं."

तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या मातीला पोरगा नव्हता. कुठल्या पत्त्यावर कळवणार होतो. गल्लीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, अमेरिकेहून यायला दोन दिवस लागतात. मी त्यांना तसंच सांगू दिलं.

दोन महिन्यांनी मंठाळला गेलो. बहिणीचं घर रस्त्याला लागूनच, दारात दगडी कट्टा. त्यावर तो बसला होता. हिरवा चष्मा होता, पण आत काही उरलं नव्हतं. मी जवळ बसलो, खाकरलो. तो म्हणला, "गेटकीपर." आवाज तोच.

अक्का गेली म्हणून सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग विचारलं, "तिला कळालं व्हतं का?"

येताना बसमधी मी ठरवूनच आलो होतो, की ह्याला सगळं खरं सांगायचं. हा एकच माणूस, ज्याच्याशी खरं बोलायला भ्यायचं कारण नाही. पण त्याच्या गळ्यातली ती डबीची दोरी दिसली, घामानं काळी पडलेली. मला त्या दिवशीचा मोकळा गळा आठवला. आणि ज्या एका गोष्टीसाठी त्यानं तो मोकळा केला, त्याच गोष्टीनं तिला सगळं कळालं, हे ह्या आंधळ्या माणसाला मी कट्ट्यावर बसून कसं सांगू.

"न्हाई," मी म्हणलो. "शेवटपर्यंत न्हाई कळालं. लेकरू सुखात हाय म्हणतच गेली."

त्याचा हात शर्टावर गेला, डबीवर थांबला. "बरं झालं," म्हणला. मला ते पटलं म्हणून म्हणला, का माझा घसा ऐकून म्हणला, मला सांगता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचे आवाज ऐकून सिनेमा सांगितलेला माणूस. त्याला कळालं नसंल असं मी तरी कसं म्हणू.

त्याच्या बहिणीनं चहा दिला. आम्ही तो पिईपर्यंत लांबनं बसचा आवाज आला. आमच्याकडच्या कल्याणकडनं येणारी दुपारची बस. तो म्हणला, "काय दिसायलंय ते सांगा की. आता तुमची बारी."

"काय सांगू?"

"दिसतंय तेवढंच सांगा."

मी सांगायला लागलो. रस्ता हाय. पल्याड तुरीचं रान हाय. उसाचा एक ट्रॅक्टर उभा हाय, त्याचं टायर काढलंय. आता बस आली. थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"कोण उतरलं?" त्यानं विचारलं.

मी बघत होतो. दार उघडं होतं. आतल्या पायऱ्या दिसत होत्या.

"कोण न्हाई."

"नीट बघा."

"बघितलं. कोण उतरलं न्हाई. दार लावलं. बस गेली."

त्यानं मान हलवली. धूळ आमच्या अंगावर येऊन बसली.

"म्होरं?" तो म्हणला.

"म्होरं रस्ता हाय," मी म्हणलो.